सातशे वीस फेऱ्यांचा मैल

चिंचवडहून भोसरी-मोशीमार्गे चाकण सव्वापंधरा मैल आहे. चाकणहून महाळुंगे-देहूवरून परत यायला पावणेसोळा. एकूण एकतीस. हे आकडे मी कोणाला विचारून लिहिलेले नाहीत, स्वतः मोजलेले आहेत. सायकलचे चाक अठ्ठावीस इंची असले तर त्याचा एक फेरा सात फूट चार इंचांचा होतो, म्हणजे सातशे वीस फेऱ्यांचा एक मैल आणि नव्वद फेऱ्यांचा एक फर्लांग. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधायची, ती वर आली की एक म्हणायचे, आणि नव्वद झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. सहलीच्या आदल्या रविवारी मी एकटाच हा सगळा रस्ता असा मोजून आलो. जाताना एकशे बावीस चिंचोके लागले, येताना एकशे सव्वीस.

आमच्या मंडळींनी डब्यात दशम्या बांधता बांधता विचारले होते, "आणि खिसा फाटला तर हो? चाकण कुठं आहे ते कसं कळायचं?"

मी दोन्ही खिसे तपासून घेतले.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आपापल्या खात्याबाहेरची माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, तेव्हा सायकलींवरून एक सहल काढावी असे जेवणाच्या सुट्टीत ठरले आणि व्यवस्था माझ्याकडे आली. अकरा जणांनी नावे दिली. मी रात्री बसून सुरक्षिततेचे नियम तयार केले. एकामागे एक चालायचे. दोन सायकलींत दोन सायकलींचे अंतर ठेवायचे. सर्वांत हळू चालवणारा सर्वांत पुढे, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. पुढच्या आणि शेवटच्या सायकलीला काठीवर लाल निशाण. मोटारीचा आवाज आला की सर्वांनी उतरून डाव्या कडेला उभे राहायचे. दर तीन मैलांनी ब्रेक, चेन आणि चाकांतली हवा तपासायची. असे एकूण बारा. दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवले. सहाव्या नियमापर्यंत अकरांचे सात झाले आणि बाराव्याला चार उरले.

त्या चारांत एक मी. दुसरा शंकर फिटर, पिंपळे गुरवचा जुना रहिवासी, ज्याला कारखान्यात सगळे जण काम सांगायच्या आधी गंमत विचारतात. तिसरे पेडणेकर, नकाशे गिरवायच्या खात्यातले, मालवणकडचे, वजन दोनशे दहा पौंड. ते नियम ऐकून म्हणाले, "गोविंदराव, ही सहल आसा की पलटण?" पण आले. आणि चौथा गंगाराम.

गंगाराम बीडकडचा. निजाम गेला तरी आमच्या भागात त्या बाजूच्या माणसाला अजून मोगलाईतला म्हणतात. वय चोवीस, बाटल्या भरायच्या खात्यात दीड वर्ष तात्पुरता. सहलीच्या चार दिवस आधी त्याला चिठ्ठी आली : सोमवारी सकाळी सात वाजता डॉक्टरी तपासणीस हजर राहावे, शरीर धड असल्यास कायम करण्यात येईल. हजर न राहिल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मी त्याला सरळ सांगितले, "तू येऊ नकोस. कुठं पडलास तर दीड वर्ष पाण्यात."

"कामून पडीन साहेब? दीड वर्ष झालं, कारखाना अन् खोली, खोली अन् कारखाना करायलो. चाकण नावाचं गाव हाय का नाही तेबी बघितलं नाही. अन् तुमचे बारा नियम हायेत की."

या शेवटच्या वाक्याने मी फसलो.

शनिवार

पहिल्या पाळीनंतर साडेतीनला चिंचवडहून निघालो. मी खाकी अर्धी विजार घातली होती, कारण धोतर चेनमध्ये जाते. डोक्यावर साहेब लोक घालतात ती कडक सोला टोपी होती. शेजारी राहणाऱ्या, रस्तेखात्यातून निवृत्त झालेल्या ओव्हरसियरची ती मागून आणली होती, पडलो तर डोके शाबूत राहावे म्हणून. शंकरने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि सलाम ठोकला.

सर्वांत हळू कोण, हे ठरवण्यात पिंपरीपर्यंतचा वेळ गेला. मी पेडणेकरांना पुढे घातले होते. पण त्यांचे वजन उताराला असे काही धावते की मागचे तिघे दिसेनासे होतात. मग गंगाराम पुढे, तोही पुढे निघून गेला. शेवटी शंकर म्हणाला, "गोविंदराव, राग मानू नका. पर आपल्यात सगळ्यात हळू कोन हाय, त्ये आमाला कवाच कळलंय. तुमीच व्हा पुढं." अशा रीतीने माझ्याच नियमाने मी पुढारी झालो.

पिंपरीत निर्वासितांच्या बराकींपाशी पाणी प्यायला थांबलो. एका सिंधी बाईने तांब्याबरोबर चार भाजलेले पापड आणून दिले. आपल्याकडे दारी आलेल्याला गूळपाणी देतात, त्यांच्याकडे पापडपाणी. पेडणेकरांनी आपला पापड संपवून माझ्याकडे पाहिले. मी अर्धा दिला. तहानेवर खारट पापड देण्यात काय अर्थ, असे मला वाटले होते, पण पापडानंतर माणूस दुप्पट पाणी पितो आणि पुढचे चार मैल मागत नाही. ही रीत हिशेबाला धरून आहे.

भोसरीनंतर नाशिकचा रस्ता. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक पुण्याकडे चालले होते. आवाज आला की उतरायचे, या नियमाप्रमाणे मोशीपर्यंत आम्ही सव्वीस वेळा उतरलो. सत्ताविसाव्या वेळी, इंद्रायणीच्या अलीकडे, मी नियमाप्रमाणे ताबडतोब उतरलो, आणि दोन सायकलींचे अंतर दोनशे दहा पौंडांना पुरत नाही हे सिद्ध झाले. पेडणेकर माझ्यावर आणि आम्ही दोघे भुईमुगाच्या काढून टाकलेल्या वेलांच्या ढिगावर. ट्रकवाला थांबला, पाहून हसला आणि गेला.

मी डोळे उघडले तेव्हा शंकर माझ्याकडे नव्हे, गंगारामकडे धावत होता.

"हात हलव. दुसरा. पाय वर कर. आ कर!"

"मी पडलोच नाही की!"

"तरी हलव. तुजी बॉडी आता कंपनीची हाय."

पेडणेकर वेलांत बसूनच शेंगा शोधू लागले. मिळाल्या सात. माझ्या कोपराला खरचटले होते, टोपीने काम चोख केले होते. पुढे दर तीन मैलांच्या तपासणीत ब्रेक, चेन, हवा आणि गंगाराम अशा चार बाबी झाल्या.

चाकणला दिवेलागणीला पोहोचलो. देवळाच्या ओवरीत पथारी टाकली आणि एका घरगुती खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठले, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. चाकणचा कांदा विळीने चिरला तर खानावळवाल्या बाईला अपमान वाटतो, हे तिनेच सांगितले. आमच्याकडे कांदा फोडायचा म्हणजे शेजाऱ्यांना आवाज जाईल अशी भीती असते. पेडणेकरांनी हळूच विचारले, "सुकट वगैरे काय?" बाई म्हणाली, "पाव्हणं, हितं मासा फकस्त चित्रात." ते सहा भाकऱ्या खाऊन सुकटीचे दुःख विसरले.

रविवार

सकाळी किल्ल्याची पडकी तटबंदी पाहिली आणि आठला परतीच्या कच्च्या रस्त्याला लागलो. हवेत गारठा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याइतकी उभी. इथे माझी खरी व्यवस्था दिसणार होती. जातानाच्या रस्त्यावर सरकारी मैलाचे दगड होते, म्हणून त्यांना मी हात लावला नव्हता. येतानाच्या रस्त्यावर दगड नव्हते. तेव्हा आदल्या रविवारी, मोजणी करताना, जिथे खोल खड्डा किंवा आंधळे वळण होते तिथे अलीकडच्या एखाद्या धोंड्यावर मी गेरूने ठळक फुली मारली होती. एकूण एकोणीस फुल्या. मागून येणाऱ्याला फुली दिसली की त्याने सावध व्हावे.

पहिली फुली महाळुंग्याच्या अलीकडे. दिसली, आम्ही सावध झालो, खड्डा आला, टळला. मी मागे वळून पाहिले. मला समाधान वाटले.

दुसऱ्या फुलीवर कोणीतरी हळदकुंकू वाहून पुढे नारळ फोडला होता.

"गोविंदराव, तुमी ह्या दगडात देव घातला वो," शंकर म्हणाला आणि पाया पडला. पेडणेकर खोबरे आहे का ते पाहत होते.

तिसऱ्या धोंड्यावरची फुली शेणाने सारवून टाकली होती. चौथा धोंडा जागेवरच नव्हता, नुसता खळगा होता. मला काही कळेना. वहीत त्या जागेची नोंद होती : 'मैल पाच, फर्लांग दोन. डावीकडे विहीर व चिंच. उजवीकडे बांधाचा दगड, त्यावर खूण.' मी उतरून वही उघडली, टोपी सारखी केली आणि खळग्याकडे पाहत उभा राहिलो.

तेव्हा ज्वारीतून आठ माणसे बाहेर आली. हातांत काठ्या होत्या. वाडीचे नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी तशी अट घातली आहे.

"ह्योच त्यो टोपीवाला!" एक जण ओरडला. "गेल्या ऐतवारी आकडं म्हनत गेला. मीच बगितला!"

"निशाणं बी हायेत. हे बगा, म्होरं एक, मागं एक."

पुढे आलेला माणूस पन्नाशीचा, पांढरे मुंडासे, नाव धोंडिबा. चौथा धोंडा त्याच्याच बांधावरचा, तो त्याने उपटून घरात नेऊन ठेवला होता. आवाज न चढवता त्याने विचारले, "आमची जमीन कोन्या कारखान्याला चाललीय, तेवडं सांगा."

आता मला कळले. पिंपरीत कारखान्यांसाठी जमिनी गेल्या त्याच्या आधी तिथे असेच टोपी घातलेले, खाकी विजारीतले लोक आले होते. त्यांनी लाल निशाणे रोवली, दगडांवर खुणा केल्या आणि वहीत लिहिले. खड्डा चुकवायची खूण मी नेमकी हद्दीच्या दगडांवर मारली होती.

मी खरे ते सांगू लागलो. "ही सहल आहे. खुणा खड्ड्यांसाठी आहेत."

"खड्डा रस्त्यात, आन खूण आमच्या दगडावर?"

"रस्त्यात दगड नव्हता."

"आकडं कशापायी म्हनत हुता?"

"मैल मोजत होतो. सातशे वीस फेऱ्यांचा..."

"मोजत हुता! कबूल झाला!"

त्यांनी आम्हाला वाडीत धोंडिबाच्या ओट्यापाशी नेले आणि वही घेऊन शाळामास्तरांना बोलावले. मास्तर ओट्यावर उभे राहून वाचू लागले : "मैल पाच. विहीर एक, पाणी गोड. चिंचेची झाडे दोन. पुढे घरे अकरा. कुत्री तीन, त्यांतले एक चावरे." प्रत्येक वाक्याला माणसे एकमेकांकडे पाहत होती. कुत्र्यांपर्यंत मोजणारा माणूस सरकारीच असणार, यात कोणाला शंका उरली नाही. मी जितके खरे बोलत होतो तितके ते वाईट ऐकू येत होते.

धोंडिबा म्हणाला, "पाटील खेडला गेल्यात, उद्या दुपारी येतील. त्येंच्या समोर काय त्ये ठरंल. तवर बसा. जेवायला घालू, मारनार न्हाई."

उद्या दुपारी. मी गंगारामकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला होता. सकाळी सातला फाटकावर नसला तर दीड वर्ष गेले. आणि ते त्याच्या पडण्याने नव्हे, माझ्या फुल्यांनी.

"ह्या पोराला तरी सोडा," मी म्हणालो. "त्याला उद्या सातला पोहोचायला हवे."

"म्हंजे जाऊन सायबाला सांगनार. न्हाई."

तेव्हा शंकर पुढे झाला. डोक्यावरची टोपी काढून त्याने कपाळ पुसले आणि लाजल्यासारखे हसला. "धोंडिबा, आता झाकून काय उपेग? आमी सोयरिकीसाठी फिरतोय. ह्यो पोरगा, गंगाराम. आन टोपीवाले त्येचे मामा. लई तऱ्हेवाईक मानूस. म्हने, पोरीचं माहेर सायकलनं अर्ध्या दिसाच्या वर नसावं. म्हनून चाक मोजत फिरत्यात."

"आन गेरू?"

"वऱ्हाड चुकू नये म्हनून."

एका म्हातारीला हसू फुटले, आणि काठ्या खाली आल्या. मी तोंड उघडले, तेवढ्यात पेडणेकरांनी माझ्या पायावर आपला पाय ठेवला. दोनशे दहा पौंड. मी बोललो नाही. मी खोटेही बोललो नाही, एवढेच म्हणतो.

पाच मिनिटांत घोंगडी अंथरली गेली. गुळाचा चहा आला, भाजलेल्या शेंगा आल्या. आमच्याकडे पाहुण्यांना चहा बशीत ओतून द्यावा लागतो, इथे काशाच्या वाट्या होत्या आणि चटका बोटांना बसत होता. पेडणेकरांनी दोन वाट्या घेतल्या आणि गंगारामच्या कुळाची, देवकाची चौकशी सुरू झाली. तो बिचारा खरे ते सांगत होता आणि ते नेमके जुळत चालले होते. धोंडिबाला अंजना नावाची मुलगी होती. पाण्याचा तांब्या घेऊन तीच आली. खाली मान वगैरे काही नव्हते. तिने चौघांनाही नीट पाहिले.

धोंडिबा म्हणाला, "विचार काय विचारायचं त्ये. नंतर आमच्या डोक्यावर नगं."

तिने गंगारामला विचारले, "तुमी ह्यांच्या मागं कशापायी चालवता? मी गच्चीवरनं बगत हुते. ह्यांना तर सायकल येत न्हाई."

'ह्यांना' म्हणजे मला.

गंगाराम म्हणाला, "ते पुढं असले की कुणी हरवत नाही."

ती हसली. आणि हा गडी, जो दीड वर्षात माझ्याशी दहा वाक्ये बोलला असेल, तोही हसला. मला बरे वाटले आणि त्याच क्षणी फार वाईट वाटले, कारण आता हे खोटे राहिले नव्हते आणि खरेही नव्हते.

धोंडिबा माझ्याकडे वळला. "मामा, आता तुमी सांगा. नोकरी कायम हाय का?"

पेडणेकरांचा पाय पुन्हा आला. या वेळी मी माझा आधीच काढून घेतला होता.

"मी मामा नाही," मी म्हणालो. "आम्ही मुलगी पाहायला आलो नव्हतो. मी चाक मोजतो, कारण मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. गेरू खड्ड्यांसाठी होता, दगड हद्दीचे आहेत हे माझ्या ध्यानात आले नाही, ती माझी चूक. आणि नोकरी कायम नाही. उद्या सकाळी सातला हा धडधाकट फाटकावर पोहोचला तर होईल. नाही पोहोचला तर नाही."

शंकरने डोळे मिटून घेतले. कोणीतरी काठी उचलली.

धोंडिबाने हाताने ती काठी खाली केली. "म्हंजे जमीन जात न्हाई?"

"माझ्या हातून तरी नाही."

"मग हे आदी का न्हाई सांगितलं?"

"सकाळपासून मी दुसरे काहीच सांगत नाही."

"व्हय," तो विचार करून म्हणाला, "त्येबी खरं." मग त्याने शंकरकडे एकदा पाहिले, आणि गंगारामकडे. "पर पोराचं लगीन झालेलं न्हाई, त्ये तरी खरं का?"

"ते खरे आहे."

"मग बसा."

आणि तो उठला. मला वाटले, आता निघू देईल, आम्ही सायकलींवर बसू आणि चार वाजेपर्यंत घरी पोहोचू. मी तसे म्हटलेही. धोंडिबाने गंगारामची सायकल हातात घेतली. भाड्याची, पुढचा ब्रेक सैल. मी दर तीन मैलांनी तपासत होतो तो ब्रेक त्याने एकदा दाबून पाहिला आणि माझ्याकडे असे पाहिले की मला माझे बाराही नियम आठवले.

"हेच्यावर ह्यो बसनार न्हाई," तो म्हणाला. "हातपाय मोडला म्हंजे? गाडी जुपतो."

रविवार, दुपारनंतर

बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्या घातल्या, त्यावर घोंगडी, घोंगडीवर गंगाराम आणि त्याच्या शेजारी त्याची सायकल आडवी. जेवून दोनला निघालो. बैल ताशी दोन मैल चालतात. हेही मी मोजले, चिंचोके होतेच. साडेदहा मैल उरले होते.

धोंडिबाचे नियम तोंडी होते. आम्ही तिघांनी गाडीच्या पुढे चालायचे, कारण मागून धडकलो तर बैल बुजतील. गंगारामने उभे राहायचे नाही. गाडीतून पाय बाहेर सोडायचे नाहीत. ऊस खायचा नाही, दातात कूस जाते. शंकर म्हणाला, "गोविंदराव, तुमच्यावर बी कोनीतरी निगालं बगा!"

सायकल ताशी दोन मैलांनी चालवून पाहा. ती उभी राहत नाही. पेडणेकर पहिल्या मैलातच चार वेळा पडले, शंकर दोन वेळा, मी तीन. दर वेळी धोंडिबा गाडीवरून ओरडे, "कडंला व्हा, पोराला धक्का लागंल!" आणि गंगाराम पेंढ्यांवरून तोंडावर उपरणे धरून हसे. शेवटी आम्ही तिघांनी सायकली हाताने ढकलत न्यायला सुरुवात केली. एकतीस मैलांच्या सायकल-सहलीतले साडेनऊ मैल आम्ही पायी केले, ही नोंद प्रामाणिकपणे करतो.

इंद्रायणी ओलांडल्यावर सूर्य मावळला. धोंडिबाने गाडीखाली कंदील बांधला. पोलिसाने चिखलीपाशी अडवून विचारले, "सायकलींना दिवे कुठायत?" नियम आठवा, मीच लिहिलेला : अंधाराच्या आत घरी. म्हणून दिवे घेतले नव्हते.

"चालवत नाही, ढकलतोय साहेब," पेडणेकर म्हणाले. "ढकलायला दिवा लागत नाय."

पोलिसाला हे पटले. मला नाही पटले.

सव्वासातला चिंचवडला माझ्या दारात गाडी उभी राहिली. आमच्या मंडळींनी कंदील वर धरून आधी बैल पाहिले, मग कडबा, मग त्यातून उठणारा गंगाराम, आणि शेवटी माझे दोन्ही गुडघे.

"सर्व जण सुखरूप आले का?" त्यांनी विचारले.

"एक जण," मी म्हणालो.

सोमवार

धोंडिबा आमच्याकडेच राहिला. गंगारामला त्याने खोलीवर जाऊ दिले नाही, जिन्याला कठडा नाही म्हणून. पहाटे उठून त्याने बैल जुंपले. फाटकापर्यंतचा दीड मैल गंगाराम पुन्हा गाडीतून गेला. सात वाजायला वीस मिनिटे कमी असताना आम्ही पोहोचलो. पाळीवर येणारे कामगार थांबून पाहत होते. शंकरने प्रत्येकाला वेगवेगळी हकिकत सांगितली.

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. असे मी नऊ वर्षांत प्रथमच केले. धोंडिबा फाटकासमोरच्या निंबाखाली गाडीच्या जुवावर बसला, मी शेजारी उभा. बसवत नव्हते. आठ झाले. साडेआठ झाले. तो आत पाहत होता, धुराड्याकडे, मोठमोठ्या भिंतींकडे.

"हितं पूर्वी काय हुतं?" त्याने विचारले.

"ज्वारी होती म्हणतात."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

सव्वानऊला गंगाराम बाहेर आला. केसांत अजून कडब्याची काडी होती. डॉक्टरने वजन, छाती, डोळे, सगळे पाहिले आणि शेवटी ती काडी काढायला गेला तर याने काढू दिली नाही, असे नंतर शंकरकडून कळले, म्हणजे खरे असेलच असे नाही. हातात कागद होता. मी हात पुढे केला. तो माझ्या बाजूने सरळ गेला आणि कागद त्याने धोंडिबाच्या हातात ठेवला.

धोंडिबाने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. "वाचा. जसं हाय तसं वाचा."

मी पूर्ण वाचला. नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, खाते, हुद्दा. शरीर निर्दोष. आजच्या तारखेपासून कायम. खाली सही, शिक्का.

"परत वाचा. शेवटचं."

"आजच्या तारखेपासून कायम."

धोंडिबा उठला. गाडीतून गंगारामची सायकल उतरवून त्याने ती रस्त्यावर उभी केली, सीटवरची धूळ मुंडाशाच्या शेवाने पुसली आणि हँडल त्याच्या हातात दिले.

"बस," तो म्हणाला. "जा कुटं जायचं तिकडं. आता पडला तरी चालंल."

गंगारामने टांग टाकली. घराकडचा रस्ता उजवीकडे होता. तो डावीकडे, देहूच्या दिशेने वळला, आणि सैल ब्रेक न दाबता, माझा एकही नियम न पाळता, धोंडिबाच्या वाडीच्या रस्त्याला लागला.